हाताला गार लागलेला पाइप

निघण्याआधी एकच अट. पाहा, ऐका, वास घ्या, वाटलं तर भिंतीला हात लावा. पण कुठलंही बटण दाबायचं नाही की कुठलं चाक फिरवायचं नाही. तिथल्या माणसांना तुम्ही दिसणार नाही. आत्ता ही अट सोपी वाटेल. तासाभरानं हात शिवशिवायला लागले की मग बोला.

पहिला मुक्काम १९८५ चा वसंत. अमेरिकेतलं ओहायो राज्य, ईरी सरोवराचा नैऋत्य काठ. टोलीडो शहरापासून पूर्वेला तीस-पस्तीस किलोमीटरवर, दलदलीच्या कडेला, दीडशे मीटर उंचीचा एक काँक्रीटचा मनोरा उभा आहे. डमरूसारखा, कमरेत बारीक. त्याच्या डोक्यावरून पांढरी वाफ संथ वर जाते आहे. हे डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्र. मनोऱ्याकडे बघत थांबू नका. पाहुणे त्याचेच फोटो काढतात, पण आपलं काम तळघरात आहे.

जिने उतरत राहा. खाली एका ठेंगण्या खोलीत टर्बाइनवर चालणारा पंप बसवलाय. टर्बाइन म्हटल्यावर डोळ्यांसमोर भलंमोठं धूड आलं असेल तर ते पुसा; वीज तयार करणारं टर्बाइन वर, वेगळ्या इमारतीत आहे. हे छोटं, दणकट, कामाचं यंत्र आहे. गावाकडचं तेलाचं इंजिन असतं त्याच जातीचं. दिसायला ओबडधोबड, पण भरवशाचं समजलं जाणारं. असे दोन पंप आहेत, दोन वेगळ्या खोल्यांत.

त्यांचं काम समजून घ्या, कारण पुढं सगळं त्यावर अवलंबून आहे. अणुभट्टीतलं तापलेलं पाणी दोन उभ्या, उंच स्टीम जनरेटरांतून फिरतं आणि आपली उष्णता तिथल्या दुसऱ्या पाण्याला देतं. त्या दुसऱ्या पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेवर वीज. स्टीम जनरेटरात पाणी सतत घालत राहावं लागतं. ते घालायला मोठे मुख्य पंप आहेत. ते बंद पडले तर हे दोघं, ऑक्झिलरी फीड पंप. गंमत अशी की हे पंप विजेवर चालत नाहीत. ज्या भांड्यात पाणी घालायचं त्याच भांड्यातल्या वाफेवर चालतात. म्हणजे वीज गेली तरी चालतील. कल्पना नामी आहे. फक्त दोन्ही पंप एकाच जातीचे, हे मला पहिल्यापासून खटकतं. एक वाफेवर आणि एक विजेवर असता तर दोघांना एकच आजार एकाच वेळी झाला नसता.

आज चाचणीचा दिवस आहे. दर ३१ दिवसांनी ती व्हायची असते. ऑपरेटरच्या हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद आहेत; तो एकेक ओळ वाचतो, वर फोन करतो, आणि खूण करतो. एका वेळी एकच पंप. वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो, आधी फुसफुस, मग शिट्टी, मग ती शिट्टी जाड होत होत एकसुरी गुरगुरीत बदलते. जमीन पायांतून थरथरते. पंपातून निघालेलं पाणी स्टीम जनरेटरात जात नाही, वळवलेल्या वाटेनं परत टाकीत जातं. थंड पाणी गरम भांड्यात उगीच कशाला ढकलायचं? बरोबरच आहे. दाब लिहिला, वेग लिहिला, बेअरिंग किती तापलं ते लिहिलं. पंप बंद. सही.

सही होत असताना जरा बाजूला व्हा आणि त्या दुसऱ्या पाइपावर हात ठेवा. तो, पलीकडच्या स्टीम जनरेटरकडून वळसे घेत येणारा. प्रत्येक टर्बाइनला वाफ यायच्या दोन वाटा आहेत: एक आपल्या बाजूच्या स्टीम जनरेटरकडून, दुसरी पलीकडच्या बाजूकडून, अडचणीच्या वेळेसाठी. आजच्या चाचणीत वाफ पहिल्या वाटेनं आली. दुसरीला कोणी विचारलं नाही. तिचा पाइप हाताला गार लागतो. सावलीतल्या फरशीसारखा गार.

हा स्पर्श लक्षात ठेवा.

(आमच्या इमारतीत आग विझवायचा डिझेल पंप आहे. दर महिन्याला वॉचमन तो दोन मिनिटं चालवतो, धूर निघतो, रजिस्टरवर सही होते. गच्चीवरच्या नळकांड्यातून पाणी येतं का, हे तपासलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. तेव्हा ओहायोच्या माणसांना नावं ठेवायची घाई मला नाही.)

आता पुढं चला. ९ जून १९८५, रविवार. म्हणजे शनिवारची रात्र संपून दीड तास उलटलाय. तुम्ही कंट्रोल रूममध्ये आहात. पिवळसर उजेड, भिंतभर पॅनेलं, शेकडो छोटे दिवे, कॉफीचा शिळा वास. अणुभट्टी ९० टक्के क्षमतेवर चालू आहे. रात्रपाळीची माणसं निवांत दिसतात, पण पूर्ण निवांत नाहीत. मुख्य फीड पंपांच्या नियंत्रणानं गेला आठवडाभर कटकट केलीय. अणुभट्टीची तब्येत एका पडद्यावर एकत्र दाखवणारी यंत्रणा दोन संचांत बसवली आहे. आज दोन्ही संच बंद आहेत.

१ वाजून ३५ मिनिटं. एक मुख्य फीड पंप ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. भोंगे वाजायला लागतात. अर्ध्या मिनिटात अणुभट्टी स्वतःहून बंद होते; नियंत्रण दांडे आत पडतात. घाबरू नका, इथवर ठीक आहे, असं होतं. पण मग मुख्य वाफेच्या वाहिन्यांवरचे व्हॉल्व्ह कारण नसताना मिटतात. दुसरा मुख्य पंप वाफेवरच चालत होता. त्याची वाफ तुटली. तो हळूहळू मंदावतो, पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती फिरत फिरत थांबतात तसा.

अणुभट्टी बंद झाली म्हणजे चूल विझली असं समजू नका. पूर्ण क्षमतेवर तिची उष्णता २,७७२ मेगावॉट. बंद झाल्यावर काही मिनिटांनीही निखारे साठ-सत्तर मेगावॉट उष्णता देत राहतात, आणि त्यांच्यावर फुंकर घालून ते विझत नाहीत. ती उष्णता कुठंतरी जायला हवी. स्टीम जनरेटरातलं पाणी ती घेऊन वाफ होऊन जातंय. या बनावटीच्या स्टीम जनरेटरात मुळातच पाणी थोडं असतं, कढईत तळाला असावं एवढं. पातळी खाली चाललीय.

१ वाजून ४१ मिनिटं. पातळी ठरल्या खुणेखाली गेली, यंत्रणेनं स्वतःहून ऑक्झिलरी पंपाला हुकूम दिला. त्याच क्षणी एक ऑपरेटर, यंत्रणेची वाट न पाहता, आपण आधीच करून टाकू म्हणून पॅनेलकडे जातो. माणूस कामाचा आहे. त्याला ‘पाणी कमी’ची दोन बटणं दाबायची आहेत.

तो ‘वाफेचा दाब कमी’ची दोन दाबतो.

हात शिवशिवले? मी म्हटलं होतं.

त्या बटणांचा अर्थ यंत्रणेच्या लेखी असा: वाफेची वाहिनी फुटलीय. फुटलेल्या बाजूला पाणी घालत राहणं धोक्याचं, म्हणून त्या बाजूचं पाणी तोडायचं, आणि पंपाला वाफ पलीकडच्या शाबूत बाजूनं द्यायची. एका बाजूसाठी हे शहाणपणाचं आहे. पण बटणं दोन्ही बाजूंची दाबली गेली. यंत्रणा आज्ञाधारक, तिनं दोन्ही बाजू फुटल्या असं मानलं. दोन्ही स्टीम जनरेटरांकडं जाणारे पाण्याचे व्हॉल्व्ह मिटले. आणि दोन्ही टर्बाइनांना वाफ पलीकडच्या वाटेनं सुटली. त्या गार पाइपांतून.

चूक मिनिटभरात लक्षात येते, बटणं पूर्ववत होतात. एवढ्यानं निभावलं असतं. पण खाली काय होतंय ते बघायला आपल्याला पाइपात शिरावं लागेल. काळात मागंपुढं करता येतं तर आकारात लहान व्हायला काय हरकत आहे.

आत अंधार आहे. बोगदा वळतो, चढतो, उतरतो. दूरवर एक व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ येते, हवेच्या दाबाच्या साठेक पट दाबानं. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून दरदरून घाम फुटतो ना, तसं इथं होतं, फक्त आतून आणि क्षणात. गार पोलादाला लागली की वाफेचं पाणी होतं. भिंतींवरून ओघळ येतात, ओघळांचे पाट होतात, आणि मागून येणारी वाफ ते सगळं पाणी पुढं लोटत एक बोळा तयार करते. बोगदा भरून टाकणारा पाण्याचा गोळा, तुमच्या दिशेनं धावत येणारा. पाणी गेलेल्या नळाला सकाळी पुन्हा पाणी येतं तेव्हा तो आधी खाकरतो, थुंकतो, मग एकदम धाडकन सुटतो. ते हजारपटीनं मोठं करून बघा.

गोळा टर्बाइनवर आदळतो. टर्बाइनला वाफ हवी होती, मिळालं पाणी. त्याचा वेग पडतो. त्याच्यावर देखरेख करायला गव्हर्नर आहे. वेग कमी झाला की वाफेचं दार अधिक उघडायचं, जास्त झाला की मिटायचं, एवढंच तो जाणतो. वेग पडला म्हणून तो दार सताड उघडतो. चिखलात रुतलेल्या हातगाडीला तुम्ही खांदा लावून जीव खाऊन रेटताय अशी कल्पना करा. आणि गाडी अचानक निसटते.

पाणी संपलं. मागून कोरडी, ताजी वाफ आली, सताड उघड्या दारातून. टर्बाइन उधळतं. गव्हर्नरला दार मिटायला उसंत मिळायच्या आत वेग मर्यादा ओलांडतो आणि सुरक्षेची खिट्टी निसटते. स्प्रिंगचा खटका, झडप बंद. यंत्र फाटू नये म्हणून ही खिट्टी असते, आणि तिनं तिचं काम चोख केलं. पहिला पंप ट्रिप. काही सेकंदांनी दुसरा, अगदी त्याच कारणानं.

बाहेर या. मोठे व्हा. वर कंट्रोल रूममध्ये आता सगळ्यांना कळलंय की दोन्ही स्टीम जनरेटरांना पाणी देणारं एकही यंत्र चालू नाही. या खोलीतल्या प्रत्येकाला एक नाव माहीत आहे, पण ते कोणी उच्चारत नाही. आपण क्षणभर तिथं जाऊन येऊ.

२८ मार्च १९७९, पहाटे चारच्या सुमारास, पेनसिल्वेनियातलं थ्री माइल आयलंड. बनावट हीच, एकाच कंपनीची. तिथंही मुख्य पंप गेले आणि आपत्कालीन पंप सुरू झाले. पंप छान चालत होते. पाणी जात नव्हतं, कारण पुढचे दोन व्हॉल्व्ह बंद होते. बहुधा दोन दिवस आधी याच पंपांची चाचणी घेताना मिटले आणि पुन्हा उघडायचे राहिले. कोणाकडून, ते चौकशी आयोगालाही ठामपणे सांगता आलं नाही. एका दिव्यावर दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी लोंबत होती. आठ मिनिटांनी ते ध्यानात आलं. तिथल्या संकटाचं मुख्य कारण ते नव्हतं. मुख्य कारण होतं अणुभट्टीतला जादा दाब सोडणारा, पण उघडाच राहिलेला दाबमोकळा व्हॉल्व्ह. तसाच व्हॉल्व्ह २४ सप्टेंबर १९७७ रोजी इथं, डेव्हिस-बेसीतच, अडकून उघडा राहिला होता. तो इशारा थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोचलाच नाही. परत चला, इकडं वेळ कमी आहे.

डेव्हिस-बेसीचे ऑपरेटर धावत सुटले आहेत. त्यांच्यामागून पळा. जिने, कुलूपबंद दारं, किल्ल्या. सुरक्षेसाठी लावलेली कुलपं आता सुरक्षेच्या आड येतायत, पण किल्ल्या त्यांच्याकडं आहेत. दोघं पाण्याच्या व्हॉल्व्हकडं, बाकीचे पंपांकडं.

पंपाच्या खोलीत थांबा. वसंतात पाहिली होती तीच खोली, पण आता गरम, दमट. ऑपरेटर झडपेपाशी वाकलाय. उधळलेलं टर्बाइन पुन्हा सुरू करायचं तर आधी यंत्राच्या टोकाची खिट्टी हातानं जागेवर बसवायची. मग झडपेचं चाक मिटायच्या दिशेनं पूर्ण फिरवायचं, इतकं की आतला आकडा वर सरकून खटक्यात अडकेल. तो अडकल्यावरच चाक उलटं फिरवून झडप उघडायची. आकडा नीट अडकला नाही तर चाक फिरतं, हाताला वाटतं झडप उघडतेय, आणि आत काहीच हललेलं नसतं. आणि अडकला तरी झडपेच्या एका बाजूला सगळा वाफेचा दाब, दुसऱ्या बाजूला काही नाही. ती चिकटून बसते. चाक थोडं फिरून जड होतं, ऑपरेटरला वाटतं पूर्ण उघडली. उघडलेली नसते.

त्याच्या कपाळावरचा घाम बघा. हे काम त्यानं ऐकलंय, बहुधा कोणी करताना पाहिलंय. दाब असताना स्वतःच्या हातानं कधी केलेलं नाही. चाचणीच्या दिवशी त्याची गरजच पडली नव्हती. चाचणीत पंप ट्रिप होत नाही, झाला तर ती चाचणी नापास. अधिक अनुभवी हात येतो, जोर लावतो, आणि झडप हलते.

पलीकडं दोघं पाण्याच्या व्हॉल्व्हशी झगडतायत. कंट्रोल रूमनं चूक दुरुस्त केली तेव्हा हे व्हॉल्व्ह मोटरवर आपोआप उघडायला हवे होते. मोटर घरघरली आणि थांबली. दोन्हीकडं तेच. ते आता हातानं उघडतायत. का थांबली, ते नंतर.

आणखी एक माणूस, सहायक शिफ्ट सुपरवायझर, भलत्याच दिशेला पळालाय. त्याच्यामागं जा, कारण या रात्रीतला माझा आवडता भाग तिथं आहे. केंद्रात आणखी एक छोटा पंप आहे, विजेवर चालणारा, केंद्र सुरू करताना वापरायचा. सुरक्षेच्या यादीत त्याचं नाव नाही. जानेवारीपासून तो मुद्दाम बंद करून ठेवलाय, कारण त्याची पाइपलाइन फुटली तर त्या दोन महत्त्वाच्या पंपांच्या खोल्या पाण्याखाली जातील अशी शंका निघाली होती. म्हणून त्याचे व्हॉल्व्ह मिटले आणि फ्यूज काढून ठेवले. आता ज्यांच्या रक्षणासाठी त्याला डांबलं ते दोघं आडवे पडलेत, आणि हा माणूस एकामागून एक व्हॉल्व्ह उघडतोय, फ्यूज पुन्हा खोचतोय. विजेवरचा पंप सुरू होतो. कुठलाही नाट्यमय आवाज होत नाही. साधी मोटरची घूं.

दरम्यान वर शिफ्ट सुपरवायझरपुढं वेगळाच पेच आहे. दोन्ही स्टीम जनरेटर कोरडे पडले तर काय करायचं ते कागदावर लिहिलंय: अणुभट्टीतच थेट थंड पाणी दाबून घालायचं आणि तापलेलं पाणी दाबमोकळ्या व्हॉल्व्हमधून बाहेर, अणुभट्टीभोवतीच्या बंद कवचाच्या आत सोडायचं. अणुभट्टी वाचते. पण कवचाच्या आतला सगळा भाग किरणोत्सारी पाण्यानं माखतो आणि तो धुऊन काढायला फार दिवस जातात. खालून येणाऱ्या बातम्या म्हणतात, पाणी आत्ता येतंय, दोन मिनिटं. तो थांबतो. पुढं चौकशीत यावर बराच खल झाला. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं त्यांनी ही चर्चा दिवसाउजेडी, खुर्चीत बसून केलेली असते.

अणुभट्टीतलं पाणी तापत तापत ३११ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. दाबमोकळा व्हॉल्व्ह तीनदा उघडतो. तिसऱ्यांदा तो वेळेवर मिटत नाही. पण कंट्रोल रूममधला एक हात लगेच त्याच्या मागचा व्हॉल्व्ह बंद करतो. १९७९ मध्ये याच कामाला दोन तासांहून अधिक लागले होते. म्हणजे धडा अगदीच वाया गेला नव्हता.

बाराएक मिनिटं दोन्ही भांड्यांना पाण्याचा थेंब नव्हता. मग आधी विजेवरच्या पंपाचं आणि मागोमाग वाफेवरच्यांचं पाणी पोचतं. तापमानाचा काटा रेंगाळतो, थबकतो, उतरू लागतो. कोणी टाळ्या वाजवत नाही. ज्याचा हात चुकला तो आणि ज्यांनी चाकं फिरवली ते, सगळे आपापल्या जागी उभे. इंधनाला काही झालेलं नाही, बाहेर किरणोत्सार गेलेला नाही.

इथं बहुतेक गोष्टी संपतात. आपली आत्ता सुरू होतेय.

१० जून. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगानं तातडीनं चौकशी पथक नेमलं. आणि पंपघरात आता तुमचीच अट सगळ्यांना लागू झालीय: कशालाही हात लावायचा नाही. जी यंत्रं बिघडली त्यांच्यावर चिठ्ठ्या लागल्या आहेत. काय तपासायचं, कुठल्या क्रमानं उघडायचं, काय सापडेल असं वाटतंय आणि ते सापडलं नाही तर पुढं काय, हे आधी कागदावर लिहायचं, ते मान्य करून घ्यायचं, आणि मगच पान्याला हात लावायचा. आपल्याकडं, आणि सगळीकडंच, दुरुस्तीची खोड उलटी असते. बंद पडलेली वस्तू आधी उघडायची, दोन-चार ठिकाणी साफ करायची, स्क्रू आवळायचे, पुन्हा लावून बघायची. चालली! आणि बिघाडाचा पुरावा झाडूबरोबर गेला. इथला हा संयम बघण्यासारखा आहे. एक तंत्रज्ञ झडपेसमोर उभा राहून नुसता बघतोय. त्याचे हात खिशात आहेत. त्याला किती कठीण जात असेल ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

पंपांची चौकशी पहिल्यांदा गव्हर्नरभोवती फिरते, कारण उधळण्याचा आळ त्याच्यावरच येतो. पण दोन गव्हर्नर एकाच मिनिटात बिघडावेत? मग प्रश्न बदलतो: त्या रात्री दोघांच्या बाबतीत असं काय वेगळं होतं जे एरवी नसतं? उत्तर यंत्रात नव्हतं, वाटेत होतं. दोघांची वाफ एकाच वेळी पलीकडच्या लांब, गार पाइपांतून आली होती. मासिक चाचणीत तसं कधी घडत नव्हतं. एकेक पंप, आपल्या वाटेनं, सवडीनं. इतक्या सह्या झाल्या त्या खोट्या नव्हत्या. जे विचारलं होतं त्याचं उत्तर दर वेळी खरंच आलं होतं.

पाण्याच्या व्हॉल्व्हची गोष्ट याच कुळातली. असा व्हॉल्व्ह मोटरवर चालतो, आणि मोटर जळू नये म्हणून जोर फार लागला की एक स्विच तिला बंद करतो. पण घट्ट मिटलेला व्हॉल्व्ह जागेवरून सुटताना पहिल्या क्षणी जोर फार लागणारच, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना लागतो तसा. म्हणून त्या पहिल्या क्षणापुरता तो स्विच दुसऱ्या एका स्विचनं बाजूला ठेवायचा असतो. ही सवलत इथं फार थोड्या अंतरापुरती ठेवली होती. झाकण सुटायच्या आत सवलत संपली, आणि मोटरनं शहाण्यासारखं काम सोडलं. बिनदाबाचा व्हॉल्व्ह उघडून बघितला तर झाकण सैलच असतं. तो प्रत्येक वेळी उघडतो. त्या रात्री एका बाजूला दाब होता.

जुलैत अहवाल आला. त्यात बारीकसारीक बिघाडांची मोठी यादी आहे, पण पथकाचा रोख एका सवयीवर होता: या केंद्रात दुरुस्त्या, चाचण्या आणि बिघाडांचा शोध वरवर होत आला, त्यामुळं मुळापर्यंत कोणी गेलं नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये आयोगानं सगळ्या केंद्रांना फर्मान काढलं, की असे व्हॉल्व्ह प्रत्यक्षात जेवढ्या दाबाला उघडावे लागतील त्या दाबाला उघडतात हे सिद्ध करा, स्विच नीट लावलेत ते दाखवा. जून १९८९ मध्ये ते सुरक्षेच्या सगळ्याच मोटरवरच्या व्हॉल्व्हना लागू झालं. पुढची काही वर्षं अमेरिकेतली केंद्रं एकेक व्हॉल्व्ह पुन्हा तपासत बसली होती, कंटाळवाणं काम, वर्तमानपत्रात न येणारं. २००२ मध्ये डेव्हिस-बेसीचं नाव पुन्हा गाजलं, अणुभट्टीच्या झाकणात गंजून पडलेल्या खड्ड्यामुळं. पण तिकडं आज जायचं नाही, तो स्वतंत्र प्रवास आहे.

शेवटचा मुक्काम, डिसेंबर १९८६. दीड वर्षानं केंद्र पुन्हा सुरू होतंय. सरोवरावरून बोचरा वारा येतोय, कान झाका. वाटेत एक नवा पंप दिसेल, मोठ्या विजेच्या मोटरवरचा. भाऊ वेगळ्या जातीचा हवा होता, तो अखेर आला. जिने उतरा. तीच ठेंगणी खोली, तेच छोटं टर्बाइन, भिंतीशी पुठ्ठ्याला लावलेले कागद घेतलेला ऑपरेटर. पाइप मात्र बदललेत. वाफ अडवणारे व्हॉल्व्ह आता दूर नाहीत, टर्बाइनच्या उंबरठ्याशी आणलेत, आणि तिथवर वाफ कायम उभी असते, पंप चालू असो वा नसो.

पलीकडच्या बाजूनं येणारा तो पाइप ओळखलात? गेल्या वेळी हात ठेवला होता तोच.

आता हात मागं घ्या. भाजेल.